प्रीतीसोबत दोन घरी

आमच्या विहाराच्या वाचनालयातली मुलं वर्षातून एकदा एक छोटं पुस्तक काढतात. या वर्षी वस्तीतल्या एखाद्या साध्या माणसाबद्दल कोणीतरी लिहावं, असं त्यांनी ठरवलं. ते माझ्याकडे का आले, मला कळलं नाही. रजेचे अर्ज सोडले तर मी फारसं काही लिहिलेलं नाही. कोणाबद्दल लिहाल, असं त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून प्रीतीचं नाव निघून गेलं, आणि मग मागे घेता आलं नाही.

प्रीती सकाळी कंपनीच्या बसनं शहराबाहेर मिहानला जाते, संध्याकाळी परत येते, येताना कोपऱ्यावरून भाजी आणते. एवढंच बाहेरून दिसतं. पण एका रविवारी संध्याकाळी मी तिच्यासोबत दोन घरी गेलो होतो. ते मी अजून विसरलेलो नाही.

प्रीती ही गोविंदा शेंडेची मुलगी. गोविंदा आणि मी हिंगण्याला एका कारखान्यात सोबत होतो. तिथे लोखंडी कपाटं बनायची. तो वेल्डिंगला, मी रंगाला. आम्ही एकाच मोटरसायकलवर जात असू. एके सकाळी गेलो तर गेटला कुलूप, आणि कुलपाशेजारी एक कागद चिकटवलेला. आदल्या संध्याकाळपर्यंत मी कपाटांना रंग मारत होतो, आणि उद्या राखाडी रंग जास्त लागेल असं सुपरवायझर मला सांगून गेला होता. गोविंदा घरी येऊन ओट्यावर बसला. त्याची पोरगी तेव्हा लहान होती, तिसरी-चौथीत असेल. तिनं नेहमीप्रमाणे त्याचा डबा धुवायला घेतला, झाकण उघडलं आणि आतल्या खोलीकडे पाहून म्हणाली, "आई, बाबानं तं काहीच नाई खाल्लं."

गोविंदानं त्यानंतर बरीच कामं केली. चौकीदारी केली, मंगल कार्यालयात खुर्च्या लावल्या. प्रीती बीएससीच्या शेवटच्या वर्षाला असताना तो वारला.

प्रीतीला नोकरी लागली ती सक्करदऱ्याला, चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. तीच ही कंपनी. तेव्हा ती कंपनी आहे असं कोणाला वाटलं नसतं. लहान गावांतले दवाखाने आणि लॅब यांच्यासाठी त्यांनी मोबाइलवर चालणारं काहीतरी बनवलं होतं. पेशंटनं घरबसल्या नंबर लावायचा, रक्ताचा रिपोर्ट मोबाइलवरच यायचा. पण रिपोर्ट आला तरी माणसाला तो कळला पाहिजे, आणि नंबर लागला की नाही याची खात्रीही वाटली पाहिजे. म्हणून लोक फोन करायचे. ते फोन घेण्याचं काम प्रीतीचं.

कंपनी काढणारी मुलगी अश्लेषा. ती प्रीतीहून फार तर तीन-चार वर्षांनी मोठी. तिचा एक जोडीदार होता, तो कॉम्प्युटरचं काम पाहायचा आणि कोणाशी बोलायचा नाही. मॅडम म्हणायचं नाही, नावानंच हाक मारायची, असा अश्लेषाचा नियम होता. प्रीतीच्या आईला, कौसल्यावहिनींना, हे काही केल्या पटेना.

"मालकिणीले नावानं हाक मारतं काय वं? एक दिवस काढून टाकन तुले."

"आई, तीच म्हणते."

"ती म्हणन. तुले समजाले पाहिजे."

एखादा नवा जिल्हा जोडला गेला की अश्लेषा सगळ्यांना खाली चौकातल्या गाडीवर नेऊन तर्री-पोहे खाऊ घालायची. अमरावती झाली, चंद्रपूर झालं, गोंदिया झालं. पुढे पुढे जिल्हे इतक्या लवकर यायला लागले की प्रीती म्हणायची, काका, पोह्यांचा कंटाळा आला आता. मग छत्तीसगड, मध्य प्रदेश. बाहेरच्या कोणीतरी कंपनीत मोठा पैसा घातला आणि ते सगळे मिहानमधल्या काचेच्या इमारतीत गेले. त्या गाडीवर मावतील एवढे लोक आता राहिले नव्हते.

त्या दिवसांत कंपनीला माणसं पुरत नव्हती. ओळखीचं कोणी असेल तर आणा, असं सगळ्यांना सांगितलेलं होतं. प्रीतीनं वस्तीतली मुलं नेली. विक्की गेला, शोभाताईंचा रोहित गेला, पलीकडच्या गल्लीतले आणखी काही गेले. तिनं नुसता शब्द टाकला नाही. रविवारी विहारामागच्या खोलीत बसवून त्यांना फोनवर कसं बोलायचं ते शिकवलं. वस्तीच्या तोंडाशी कंपनीची बस थांबायला लागली. कंपनी सगळ्यांना निळा टी-शर्ट द्यायची. कोणत्या घरातला मुलगा कंपनीत लागला हे आम्हाला दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून कळायचं. काही जण तो टी-शर्ट लग्नालाही घालून जायचे. म्हातारी माणसं "प्रीतीची कंपनी" म्हणायची. तसं म्हटलं की प्रीती संकोचायची, पण तिला ते आवडायचं. ती टीमची प्रमुख झाली होती. तिच्या हाताखाली पंधरा-वीस जण होते, आणि त्यात वस्तीतले बरेच.

ऑफिसात याबद्दल लोक टोमणे मारायचे. आमच्या भागाच्या नावावरून तिच्या टीमला "नंदनवन गँग" म्हणायचे. कोणाला बढती मिळाली की, तो तुमच्या गल्लीतला आहे का, असं हसत हसत विचारायचे. हे तिनं मला बऱ्याच नंतर सांगितलं.

पुढे वारं फिरलं. कंपनी तोट्यात होती असंही नाही, असं प्रीती म्हणायची. पण पैसा घालणाऱ्यांना जेवढी वाढ हवी होती तेवढी होत नव्हती. शिवाय साध्या प्रश्नांची उत्तरं आता मशीनच लिहून देऊ लागली होती. कॅन्टीनमधलं संध्याकाळचं खाणं बंद झालं. बस दोनच्या जागी एक झाली. मग एका शुक्रवारी प्रत्येक टीमच्या प्रमुखाला बोलावून विचारलं, तुमच्याकडची कोणती माणसं कमी करायची? प्रीतीला दोन नावं द्यायची होती.

सोमवारी सकाळी दहा वाजता त्या सगळ्यांची कॉम्प्युटरवर मीटिंग होणार होती. मीटिंग संपली की त्यांचे कॉम्प्युटर आणि कार्डं बंद होणार. टेबलावरचं सामान कुरिअरनं घरी येणार. तोपर्यंत कोणाला काही सांगायचं नाही, अशी सक्त ताकीद होती.

रविवारी दुपारी प्रीती माझ्याकडे आली. बाहेर खुर्ची टाकून बसली आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "काका, संध्याकाळी माह्यासोबत दोन घरी याल का?"

कोणाच्या घरी, कशाला, हे तिनं सांगितलं. मी म्हटलं, बेटा, मी काय बोलणार तिथं?

"तुमी काई बोलू नका. नुसते बसा. म्हणूनच तुमाले म्हणून राहिली."

आमच्याकडे लग्न मोडल्याचा निरोप असो की भावांच्या वाटणीचा, असा निरोप घेऊन जाताना एक वयस्क माणूस सोबत नेतात. त्यानं काही करायचं नसतं. नुसतं असायचं असतं. पण त्यासाठी लोक वजनदार माणूस निवडतात, आणि मला तोवर कोणी नेलं नव्हतं. मी तिला आठवण करून दिली की कंपनीनं मनाई केली आहे. ती म्हणाली, "बाबाले गेटवर समजलं, काका. रोहितले खुर्चीत बसल्या बसल्या समजन. फरक काय झाला?"

तिला नाही म्हणणं मला जमलं नाही. रविवारच्या वंदनेला घातलेला पांढरा शर्ट अंगावर होताच.

पहिल्यांदा विक्कीकडे गेलो. तो अंगणात मोटरसायकलची चेन पुसत बसला होता. प्रीतीनं उभ्या उभ्याच सांगितलं की उद्या तुझी नोकरी जाणार आहे, कंपनीनं तसं ठरवलं आहे. विक्कीनं हातातला बोळा खाली ठेवला.

"मले वाटलंच होतं ताई. दहाची मीटिंग अन् विषयच लिहिला नाई. म्हटलं कोणाचा तरी बँड वाजते." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "काकाले काहून आणलं? मी रडीन म्हणून?"

त्याच्या मोठ्या भावाचं मोबाइलचं दुकान होतं, तिथे तो अधूनमधून बसायचाच. कामावर त्याच्या खूप दांड्या व्हायच्या, हे त्यालाही माहीत होतं. त्यानं आम्हाला पाणी दिलं आणि मागून ओरडून विचारलं की बसचा पास परत करायचा का. हे घर असं सोपं गेलं.

बाहेर आल्यावर मात्र प्रीती पिठाच्या गिरणीजवळ थांबली. गिरणी बंद होती. शटरला टेकून ती म्हणाली, "काका, कंपनीनं ठरवलं असं मी सांगितलं ना आता? कंपनीनं आकडा ठरवला होता. नावं मी देल्ली."

मला वाटलं एवढंच आहे. पण ती पुढे बोलत राहिली. विक्कीचं नाव द्यायला तिला जड गेलं नव्हतं. रोहितचं मात्र गेलं. रोहित कामचुकार नव्हता. त्याचे फोन लांबायचे. एक फोन किती वेळात संपला पाहिजे हे कंपनीत मोजतात, आणि रोहितचा आकडा त्यात कधीच बसायचा नाही. एखाद्या म्हाताऱ्या बाईला साखरेचा रिपोर्ट नीट कळेपर्यंत तो फोन ठेवायचा नाही. असा आकडा टीममधल्या आणखी एका, वस्तीबाहेरच्या मुलाचाही होता. त्याच्यासाठी प्रीती वरच्या लोकांशी भांडली आणि त्याला ठेवून घेतलं. रोहितसाठी भांडली नाही.

"भांडली असती तं म्हणाले असते, पाहा, आपल्या गल्लीतल्याले वाचवते. त्याची भीती वाटली मले." मग ती म्हणाली, "हे सांगू का नको शोभाकाकूले?"

मला वाटतं, तिनं मला सोबत नेलं ते या प्रश्नासाठी. पण मला उत्तर माहीत नव्हतं. सांगितलं तर शोभाताईंचं दार तिला कायमचं बंद होईल असं एकदा वाटायचं, आणि नाही सांगितलं तर ती स्वतःच त्या दारासमोरून जाणार नाही असंही वाटायचं. शोभाताई म्हणजे तिच्या आईची जुनी मैत्रीण. दोघी एकमेकींच्या घरी मागच्या दारानं जात-येत. मी म्हटलं, चल, उशीर होते.

शोभाताई दारातच शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होत्या. त्यांनी आधी प्रीतीला पाहिलं, मग मला, मग माझ्या पांढऱ्या शर्टाला. मशीनवरून चटकन उठल्या. कॉटवर पडलेले कपडे उचलून आत फेकले आणि नवी चादर अंथरली. "या भाऊ, बसा. आज वाट चुकले." आत तोंड करून त्यांनी हाक दिली, "रोहित, शर्ट बदलून ये गा." मग स्वयंपाकघरातून डबे उघडल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं तुपात रवा भाजल्याचा वास.

हा पाहुणचार कशासाठी आहे, ते तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. रविवारची संध्याकाळ, धुतलेल्या कपड्यांतला म्हातारा माणूस आणि सोबत ओळखीतली मुलगी म्हटलं की आमच्याकडे एकच अर्थ होतो. त्यात प्रीतीनंच मागे कधीतरी शोभाताईंना सांगितलं होतं की तिच्या मामाची मुलगी उमरेडला आहे, लग्नाची आहे. प्रीती ते विसरून गेली होती. शोभाताई विसरल्या नव्हत्या.

रोहित आतून आला. इस्त्रीचा शर्ट, पाण्यानं बसवलेले केस. प्रीती आधीच घाबरलेली होती. त्याला पाहून म्हणाली, "कुठं जाऊन राहिला का रे?"

रोहित लाजून हसला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

शोभाताई आतूनच बोलत होत्या. पोट्ट्याचं तुले काय सांगू, तू रोज पाहतेस. सुपारीचं खांड तोंडात नाही. पगार झाला की आणून देतो. घर लहान आहे पण वरती खोली काढता येते. मग दारात येऊन, कालथा हातातच धरून त्यांनी विचारलं, "मुलीचं शिक्षण किती झालं?"

"कोणत्या मुलीचं, काकू?" प्रीती म्हणाली.

मला तेव्हा सगळं कळलं, आणि प्रीतीलाही कळलं. रोहितच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, त्याचं काय करावं हे त्याला समजत नव्हतं.

प्रीती उभी राहिली. "काकू, मी स्थळ घेऊन नाई आली. उद्या सकाळी रोहितची नोकरी जाऊन राहिली. उद्या एकदम समजण्यापेक्षा मी आज सांगाले आली."

शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. पोरगी काहीतरी चुकीचं बोलते आहे, वयस्क माणूस सोबत आहे तर तो दुरुस्त करेल, असं त्या नजरेत होतं. मी मान हलवली. त्या संध्याकाळी मी केलेलं काम तेवढंच.

रोहितनं एकच विचारलं. "फोन लांबतात म्हणून?"

"हो."

"मी कमी करत होतो ताई. मागच्या हप्त्यात कमी झाले होते."

"पाहिलं मी."

शोभाताई म्हणाल्या, "हे ठरवते कोण पण? नाव कोणं देल्लं?"

प्रीतीला तेव्हा कंपनी म्हणता आलं असतं. विक्कीकडे म्हटलंच होतं. आतून रव्याचा करपट वास यायला लागला होता, पण कोणी हललं नाही.

"म्या देल्लं," ती म्हणाली. मग गिरणीजवळ मला जे सांगितलं होतं ते सगळं तिनं त्यांना सांगितलं. दुसऱ्या मुलाचं, ऑफिसातल्या टोमण्यांचं. "तो वस्तीतला नसता तं मी त्याच्यासाठी भांडली असती, काकू. वस्तीतला आहे म्हणून नाई भांडली."

शोभाताई आत गेल्या. गॅस बंद केल्याचा आवाज आला. आता त्या बाहेर येणार नाहीत असं वाटून मी उठायला लागलो. पण त्या शिऱ्याच्या ताटल्या घेऊन आल्या आणि आमच्या समोर ठेवल्या. "केला आहे तं खाऊन जा."

शिरा खालून लागला होता. प्रीतीनं मान वर न करता सगळा खाल्ला. मीही खाल्ला. निघताना शोभाताई दारापर्यंत आल्या आणि प्रीतीला म्हणाल्या, "पुढच्या वेळेस रवा भाजाच्या आधी सांगजो वं."

एवढंच बोलल्या. पुढे कित्येक महिने त्यांनी प्रीतीला काही म्हटलं नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही. शिलाई मशीन त्यांनी फिरवून घेतलं. पूर्वी त्या गल्लीकडे तोंड करून बसायच्या, आता पाठ करून बसू लागल्या. मागचं दारही लागलेलंच असायचं.

सोमवारी दहाच्या मीटिंगला रोहित बसलाच नाही. विक्की बसला आणि शेवटी सगळ्यांना हात जोडून नमस्कार करून उठला, असं ऐकलं. दोघांना आधीच माहीत होतं हे उघड झालं. अश्लेषानं प्रीतीला बोलावलं. प्रीती सांगते की ती चिडली नव्हती, थकलेली दिसत होती. ती म्हणाली, एखाद्यानं रागात पेशंटांची माहिती बाहेर काढली असती, तर राहिलेल्या सगळ्यांच्या नोकऱ्या धोक्यात आल्या असत्या. नियम उगाच नव्हता. प्रीती म्हणते तिचंही खरं होतं. मला कारखान्याचं गेट आठवतं, पण त्या मालकाच्या मनात तेव्हा काय होतं हे मला कुठे माहीत आहे?

प्रीतीची टीम काढून घेतली. नोकरी राहिली, पण ती पुन्हा फोनवर बसली. आता तिचे फोन कोणी दुसरा मोजायचा. कौसल्यावहिनी तिच्यावर रागावल्या होत्या. "कोण म्हणालं होतं सांगाले? सोमवारी समजलंच असतं. तुह्या सांगण्यानं नोकरी वाचली काय त्याची?" बसमध्ये प्रीतीच्या शेजारची जागा रिकामी राहायची. त्या होळीला विक्कीनं आणि त्याच्या मित्रांनी मुद्दाम निळे टी-शर्ट घातले. ते रंगून इतके खराब झाले की नंतर गाड्या पुसायला गेले.

त्या काळात ती संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायची. मी एकदा विचारलं, सोडून का देत नाहीस ही कंपनी? ती म्हणाली, "काका, तिथं मी पहिल्यापासून आहे. चांगलं होतं तेव्हा माही होती. आता वाईट झाली तं काय दुसऱ्याची झाली?" मग हसून म्हणाली, "अन् दुसरीकडं गेली तरी फोन मोजतीनच." तिचेही फोन आता लांबायला लागले होते, हे तिनंच सांगितलं. त्यावरून तिला दोनदा समज मिळाली होती.

रोहित काही दिवस घरीच होता. नंतर रेशीमबागेतल्या एका लॅबमध्ये काउंटरवर लागला. पगार कमी. तिथे येणारी माणसं समोरच उभी असतात, त्यामुळे बोलणं किती लांबलं हे कोणी पाहत नाही. रांग मात्र वाढते, आणि त्याबद्दल त्याला तिथेही बोलणी बसतात.

कंपनी पुन्हा वर आली. ओडिशातलं काम मिळालं, माणसं घ्यायला सुरुवात झाली आणि प्रीतीला टीम परत मिळाली. वस्तीतल्या बायका मुलांच्या नोकरीसाठी पुन्हा कौसल्यावहिनींकडे येऊन बसू लागल्या. घरं तीच, मुलं फक्त धाकटी. प्रीतीनं नेणं थांबवलं नाही. पण आता नोकरी लागायच्या आधी ती त्या घरी जाते आणि मला सोबत नेते. ती आईबापांना सांगते की काम चांगलं आहे, पगार वेळेवर होतो, पण ही नोकरी एखाद्या सोमवारी जाऊ शकते. गेली तर आधी मी येऊन सांगीन. एका घरी म्हातारीनं तिला सुनावलं की लागायच्या आधीच जायचं कशाला बोलतेस. तरी तिनं मुलाला पाठवलंच.

गेल्या हिवाळ्यात शोभाताई माझ्याकडे आल्या. रोहितसाठी उमरेडला मुलगी पाहायला जायचं होतं. ती प्रीतीच्या मामाची मुलगी नव्हे, तिचं तोवर लग्न झालं होतं. ही दुसरी. भाऊ, तुमी चला, म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्या गेल्या नाहीत. पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या.

"प्रीतीलेही सांगजा."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"ते लोक विचारतीन ना, एवढी मोठी कंपनी काहून सोडली म्हणून. हा पोट्टा धड बोलत नाई. मी बोलली तं म्हणतीन, माय आहे, बोलनच. तिले माहीत आहे काय झालं ते. तीच सांगन."

तुम्हीच सांगा ना तिला, असं माझ्या मनात आलं. पण मी निरोप नेला. प्रीतीनं ऐकून घेतलं आणि कोणता रविवार, एवढंच विचारलं.

रोहितच्या वडिलांची ऑटो आहे, तिच्यातच आम्ही गेलो. प्रीती आणि शोभाताई मागे शेजारी बसल्या होत्या, मधे मिठाईचा डबा. रस्ताभर दोघी डब्याला धरून होत्या. मुलीच्या घरी चहा झाला, पोहे झाले. मुलीचे वडील शांत गृहस्थ होते. त्यांनी तोच प्रश्न विचारला. मिहानची नोकरी का सोडली? रोहित खाली पाहू लागला. त्याची आईही खाली पाहू लागली.

"सोडली नाई, बाबूजी," प्रीती म्हणाली. "कंपनीनं माणसं कमी केली, त्यात त्याचं नाव होतं. ते नाव म्या देल्लं होतं." मग तिनं फोन लांबायचे ते सांगितलं, म्हाताऱ्या माणसांना रिपोर्ट कळेपर्यंत तो बोलत राहायचा ते सांगितलं. दुसऱ्या मुलाला वाचवलं आणि याला नाही, हेही तिनं गाळलं नाही. "मी आताही तिथंच आहे. आताही फोन मोजतात."

ते गृहस्थ जरा गोंधळले. "मंग तुमी यांच्याकडून कशा आल्या?"

शोभाताईंनी मान वर केली.

"म्या आणलं तिले," त्या म्हणाल्या. "आमच्या घरची आहे."

ते स्थळ जमलं नाही. त्यांना सरकारी नोकरीवाला हवा होता, असा निरोप आठवड्याभरात आला. शोभाताईंनी त्याचा फार विचार केला नाही. मशीन त्यांनी पुन्हा गल्लीकडे तोंड करून लावलं आहे. थोड्या दिवसांनी एका रविवारी दुपारी ऑटोचा भोंगा माझ्या दाराशी वाजला. या वेळी कुहीला जायचं होतं. मला आधी कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मी पांढरा शर्ट शोधत घरात फिरत राहिलो. बाहेरून शोभाताईंचा आवाज आला, चला ना भाऊ, पोट्टीवाले वाट पाहून राहिले असतीन. मी बाहेर आलो तेव्हा प्रीती मागच्या सीटवर आधीच बसलेली होती, आणि मिठाईचा डबा तिच्या मांडीवर होता.